डिस्कव्हरी बघायला अमेरिकेला जाताय? आधी वास्कोला जाऊन या

आता आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी बाहेर आहे. मुलगी-जावई व्हर्जिनियात, नाहीतर मुलगा न्यू जर्सीत, आणि आई-बाबा दोन-तीन महिने तिकडे राहायला. मग व्हाइट हाउस होतं, नायगरा होतो, बालाजीचं देऊळ होतं, आणि एखाद्या शनिवारी जावई म्हणतो, बाबा चला, आज विमानांच्या म्युझियमला जाऊया, तिथे डिस्कव्हरी नावाची खरीखुरी स्पेस शटल ठेवलीय. मंडळी जातात, समोर उभं राहून फोटो काढतात, केवढी मोठी गो बाय म्हणतात आणि दहा मिनिटांत कॉफी कुठे मिळते ते शोधायला लागतात. मला याचं खूप वाईट वाटतं. कारण ती शटल, म्हणजे माणसांना अवकाशात नेऊन विमानासारखं धावपट्टीवर उतरणारं नासाचं यान, ३९ वेळा अवकाशात जाऊन परत आलेली आहे आणि त्या सगळ्या प्रवासाच्या खुणा तिच्या अंगावर तशाच ठेवल्यात, पुसलेल्या नाहीत, रंगरंगोटी केलेली नाही, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. मी वर्षानुवर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे कोणी विचारलं की मी सांगायला बसते, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढूया.

सगळ्यात आधी कुठली शटल बघणार ते ठरवा, कारण त्या चार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि पुष्कळ जण गोंधळ करतात. डिस्कव्हरी आहे वॉशिंग्टनजवळ, डलेस विमानतळाला लागून शँटिली गावात, स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय संस्थेच्या स्टीव्हन एफ. उडवार-हेझी सेंटरमध्ये. अटलांटिस फ्लोरिडात, केनेडी स्पेस सेंटरच्या व्हिजिटर कॉम्प्लेक्समध्ये, तिकीट महाग आहे पण तिथे ती तिरकी टांगलीय आणि पाठीवरचे मोठे दरवाजे उघडे ठेवलेत, त्यामुळे आतलं बघायला मिळतं. एंडेव्हर लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया सायन्स सेंटरमध्ये आहे, ती जानेवारी २०२४ मध्ये इंधनाची टाकी आणि बूस्टर रॉकेटसकट उभी केली आणि तिच्याभोवती नवीन इमारतीचं काम चाललं, तेव्हा तिकडे जाणार असाल तर लोकांसाठी उघडलंय का ते बघूनच गाडी काढा. आणि एंटरप्राइज न्यूयॉर्कला इंट्रेपिड या जुन्या विमानवाहू जहाजावर आहे. ही कधीच अवकाशात गेली नाही. १९७७ मध्ये हिला जंबो विमानाच्या पाठीवरून हवेत सोडून नुसतं उतरता येतं का ते बघितलं होतं. आपल्या इस्रोने पुष्पक नावाच्या पंखवाल्या यानाला कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवलं, २०२३ मध्ये आणि मग २०२४ मध्ये दोनदा, ती चाचणी साधारण त्याच जातीची, फक्त आपल्या यानात माणूस नव्हता. नातवंडांना हा धागा जोडून द्या, त्यांना लगेच पटतं.

युरोपातल्या मंडळींना अमेरिकेलाच जायला पाहिजे असं नाही. गोव्यातली कितीतरी कुटुंबं आता इंग्लंडला, पोर्तुगालला असतात, त्यांनी जर्मनीत श्पायरच्या टेक्निक म्युझियमला जावं. तिथे सोव्हिएत रशियाच्या बुरान या शटलसारख्या यानाच्या प्रकल्पातलं चाचणीचं यान आहे, ते फक्त वातावरणातच उडायचं. जे खरं बुरान १५ नोव्हेंबर १९८८ ला माणसांशिवाय पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आपोआप उतरलं, ते मात्र आज कुठेच बघायला मिळत नाही, २००२ मध्ये कझाकस्तानातल्या बायकोनूरला हँगरचं छत कोसळलं आणि यान त्याखाली चिरडलं गेलं, आठ कामगार पण गेले. जपणूक म्हणजे यानावरचं छप्पर सुद्धा, हे त्यावरून कळतं.

मी इथे डिस्कव्हरीबद्दलच सविस्तर सांगणार आहे, कारण एकतर प्रवेश फुकट आहे आणि दुसरं म्हणजे सगळ्यात जास्त उडालेली तीच. १९८४ मध्ये पहिलं उड्डाण, ९ मार्च २०११ ला शेवटचं उतरणं, मधल्या काळात एकूण ३६५ दिवस अवकाशात.

आता वास्को.

जायच्या आधी एक रविवार काढा आणि बोगमाळोच्या वाटेवरच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला जाऊन या. सोमवारी ते बंद असतं. पणजीहून किंवा मडगावहून कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, वास्को शटल बस पकडायची, तिथून बोगमाळोची बस किंवा रिक्षा, स्वतःची गाडी असेल तर दाबोळी विमानतळ सोडून थोडं पुढे. गोव्यात राहून आपण तिथे जातच नाही, शाळेच्या सहलीत गेलो असेल तेवढंच. पण डोळे तयार करायला याच्यासारखी जागा नाही, कारण इथे विमानं उघड्यावर उभी आहेत आणि तुम्ही त्यांच्या अगदी जवळ जाता.

तिथे सगळ्यात मोठं विमान उभं आहे ते सुपर कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं, शेपटीला तीन उभे पंख. आधी प्रवासी विमान, मग हवाई दल, मग नौदल असा त्याचा प्रवास. त्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत सरळ चालत जा आणि पावलं मोजा. ते विमान साधारण ३५ मीटर लांब आहे आणि डिस्कव्हरी ३७, म्हणजे तुमच्या मोजणीत तीनेक पावलं वाढवली की झाली शटलची लांबी. हे एकदा पायाने मोजलं की तिकडे गेल्यावर नुसतं केवढी मोठी असं होत नाही. उलट तुम्हाला जाणवतं की लांबी जवळजवळ तेवढीच असून पंख किती आखूड आहेत, कॉन्स्टेलेशनचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३७ मीटरच्या वर जातात आणि शटलचे फक्त २४. आणि पोट बघा, शटलच्या पोटात १८ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद सामानाची जागा. एवढ्या आखूड पंखांवर एवढं जाडजूड अंग इंजिन बंद असताना खाली आणायचं, उतरताना वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि चुकलं तर परत वर जाऊन दुसरी फेरी मारायची सोय नाही. हे आकडे पुस्तकात वाचून डोक्यावरून जातात, वास्कोच्या उन्हात त्या विमानाखाली उभं राहून विचार केला की पोटात गोळा येतो.

मग सी हॅरियर या नौदलाच्या लढाऊ विमानाकडे जा. ही विमानं १९८३ पासून २०१६ पर्यंत आपल्या दाबोळीच्याच तळावर होती, त्यांचा आवाज आठवणारी माणसं वास्को-चिखलीत अजून आहेत. याच्या कुशीत दोन्ही बाजूंना फिरणारे नॉझल आहेत, त्यातून झोत खाली सोडून ते जागच्या जागी उतरायचं. त्या नॉझलच्या मागचा पत्रा नीट बघा. गरम झोत जिथे जिथे लागणार तिथे वेगळा धातू, वेगळं संरक्षण असतं. मनात प्रश्न एकच ठेवायचा, उष्णता कुठून आली आणि तिला कुठे अडवलं. हाच प्रश्न घेऊन तुम्ही डिस्कव्हरीसमोर उभं राहणार आहात.

तिसरी गोष्ट म्हणजे खारा वारा. समुद्र हाकेच्या अंतरावर, वर्षाला चार महिने पाऊस, बाकीचे महिने ऊन. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याला लोखंडासारखा लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते, आणि ती सुरू होते रिव्हेटच्या कडेला आणि दोन पत्रे जोडतात त्या फटीत. टायरचं रबर उन्हाने तडकतं, काचा धुरकट होतात. आपल्या घरच्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच, तेव्हा इथली विमानं अशी उभी ठेवायला किती घासपूस आणि रंगकाम करावं लागत असेल त्याचा अंदाज करा आणि जी माणसं हे करतात त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवा. रंग दिला की विमान टिकतं, पण जुन्या खुणा रंगाखाली जातात. उघड्यावर ठेवायचं तर दुसरा इलाजच नसतो. डिस्कव्हरी बंद, हवामान नियंत्रित हँगरमध्ये आहे म्हणून तिला जशी उतरली तशी ठेवणं परवडलं. न्यूयॉर्कच्या एंटरप्राइजवर आधी हवा भरलेला तंबू होता, ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात तो फाटला आणि शेपटीचा तुकडा मोडला, नंतर दुरुस्त केलं.

एक छोटी वही न्या आणि वास्कोला ज्या खुणा ओळखता आल्या त्या लिहून ठेवा. वही तिकडे पण बरोबर न्यायची आहे.

तिकडे पोचल्यावर

उडवार-हेझी सेंटर सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच उघडं असतं, फक्त नाताळच्या दिवशी बंद. प्रवेशाला तिकीट नाही, पण गाडीच्या पार्किंगचे पैसे पडतात, ते पण जास्त माणसं एका गाडीत असली की काहीच वाटत नाही. गाडी नसेल तर मेट्रोची सिल्व्हर लाइन आता डलेसपर्यंत जाते आणि तिथून फेअरफॅक्स कनेक्टरची बस आहे, वेळा आधी बघून घ्या कारण आपल्यासारखी पाच मिनिटांनी दुसरी येईल असं तिकडे नसतं. बॅग तपासतात. आत एसी दणकून असतो तेव्हा आईसाठी स्वेटर किंवा शाल घ्याच, आणि चप्पल नको, बूट, कारण सिमेंटच्या कडक जमिनीवर पुष्कळ चालायचं आहे. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मागून घ्या, संकोच करू नका. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि उघडल्या उघडल्या जा.

आत शिरल्यावर समोर एसआर-७१ हे काळंकुट्ट हेरगिरीचं विमान दिसतं आणि त्याच्या पलीकडे सरळ रेषेत, दुसऱ्या हँगरमध्ये, डिस्कव्हरीचं नाक. तुम्हाला मोह होणार की आधी काँकर्ड, ते आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान, बघूया, हे बघूया ते बघूया, आणि शटलपाशी पोचेपर्यंत पाय गळलेले असतात. तसं करू नका. ताजे असताना सरळ डिस्कव्हरीकडे जा, काँकर्ड नंतर.

आणि पोचल्यावर पहिली पाच मिनिटं फोन खिशात. फोटो नंतर काढता येतात. आधी लांबून पूर्ण एक फेरी मारा, काही वाचू नका, कोणाला काही विचारू नका. दुसऱ्या फेरीला सुरुवात नाकापासून.

नाकाचं टोक राखाडी आहे. ते कार्बनचं आहे, कार्बनच्या धाग्यांत कार्बनच भरून बनवलेलं, कारण परत येताना सगळ्यात जास्त ताप तिथे आणि पंखांच्या पुढच्या कडांना, दीड हजार अंश सेल्सियसच्या वर. टोकाच्या मागे नाकावर भोकं दिसतात ती लहान इंजिनांची तोंडं, पुढच्या बाजूला एकूण १६. नातवंडांना मोजायला लावा आणि कुठलं भोक कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघायला सांगा, अवकाशात हवाच नसल्यामुळे पंख-शेपटीचा उपयोग नाही, यान वळवायचं तर असाच उलट्या बाजूला झोत सोडायचा.

मग टाइल्स. इथे घाई करायची नाही. शटलवर साधारण २४,००० टाइल्स होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीचा आकार वेगळा, जाडी वेगळी, प्रत्येकीवर स्वतःचा नंबर. जवळून बघितलं तर काळ्या टाइल्सवर तो नंबर वाचता येतो, दुर्बीण असेल तर फारच छान, लहानशी पक्षी बघायची दुर्बीण सामानात टाका. ही टाइल वाळूतल्या सिलिकाच्या अगदी बारीक धाग्यांची, आत ९० टक्क्यांहून जास्त नुसती हवा, वरून काचेसारखा काळा थर. बाराशे अंशांच्या वर ताप सोसते आणि तो आत जाऊ देत नाही, कारण आतलं अंग साध्या ॲल्युमिनियमचं, ते १७५ अंशांच्या वर जाऊन चालत नाही. वास्कोला जो पत्रा बघितलात त्याच जातीचा पत्रा या काळ्या कातडीखाली आहे. मग टाइल त्याला चिकटवली कशी? ॲल्युमिनियम गरम-थंड होताना ताणतं-आकसतं, टाइल ठिसूळ, ती तडकणार. म्हणून मध्ये फेल्टचा एक मऊ थर आणि मग सिलिकॉनचा गोंद, पत्र्याची सगळी हालचाल तो फेल्ट सोसतो. टाइल्सच्या मधल्या फटी म्हणजे निष्काळजीपणा नाही, त्या मुद्दाम मोजून ठेवल्यात.

आपल्यासारख्या पावसाच्या गावातल्या माणसांनी आणखी एक समजून घ्यावं. काचेचा थर टाइलच्या वरच्या बाजूला आणि कडांना आहे, बुडाला नाही, म्हणजे पाणी शिरलं तर टाइल ते शोषून घेणार आणि वजन वाढणार. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी टाइलमध्ये बारीक छिद्रातून पाणी न शोषणारं रसायन टोचायचे, हजारो टाइल्सना, माणसांनी हाताने. पावसात शटल उडवायची नाही हा नियम होताच आणि जंबोच्या पाठीवरून नेताना सुद्धा पाऊस टाळत टाळत जायचे, कारण त्या वेगात पावसाचा थेंब टाइलला घासून काढतो. सुरुवातीला ठरलं होतं की विमानासारखी आली, झाडली, परत उडवली, पण प्रत्यक्षात दोन उड्डाणांच्या मध्ये महिनेच्या महिने गेले, त्याचं एक मोठं कारण तुमच्या डोळ्यासमोर आहे.

आता रंग बघा. सगळ्या टाइल्स सारख्या काळ्या नाहीत. ज्या पुष्कळदा जाऊन आल्या त्या विटून राखाडी झाल्या आहेत आणि ज्या खराब झाल्या म्हणून बदलल्या त्या कुळकुळीत. म्हणजे कुठे कुठे दुरुस्ती झाली ते तुम्ही नुसतं रंगावरून सांगू शकता. बाजूच्या पांढऱ्या भागावर मळकट ओघळ दिसतील, ते आडवे नाहीत, मागे आणि वर चढत जातात. का? कारण वातावरणात शिरताना शटल नाक सुमारे ४० अंश वर करून, पोट पुढे करून यायची, म्हणजे तापलेली हवा खालून वर वाहत जायची. त्या ओघळांच्या रेषेत हाताचा तळवा तिरका धरून बघा, यान कसं खाली येत होतं ते समजतं. मला स्वतःला पूर्ण म्युझियममधली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. धुवून पुसून चकचकीत केली असती तर हे सगळं गेलं असतं.

वरचा पांढरा भाग मात्र सगळा टाइल्सचा नाही. जिथे ताप कमी तिथे शिवलेल्या चादरी आहेत, आणि खरंच आपल्या गोधडीसारखे चौकोनी टाके दिसतात, घरी गोधडी शिवलेल्या बाईला हे दाखवा, ती टाक्यांवरूनच काम कसं झालंय ते सांगेल. टाइलपेक्षा हलकं आणि बसवायला सोपं म्हणून पुढे पुढे बऱ्याच ठिकाणी टाइल काढून हेच लावलं.

डाव्या बाजूला नाकाजवळ गोल दरवाजा आहे, साधारण मीटरभर रुंदीचा. इथूनच सगळे आत गेले. सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अवकाशात गेल्या त्या डिसेंबर २००६ मध्ये, याच डिस्कव्हरीतून, याच दरवाजातून आत शिरून. परत आल्या त्या अटलांटिसमधून, जून २००७ मध्ये, म्हणजे फ्लोरिडाला पण जाणार असाल तर त्यांचं जाणं आणि येणं दोन्ही बघून होईल. आणि ज्येष्ठ मंडळींनो, १९९८ मध्ये अमेरिकेचे जुने अंतराळवीर जॉन ग्लेन याच यानातून गेले तेव्हा त्यांचं वय ७७ होतं. हबल ही अवकाशातली दुर्बीण सुद्धा एप्रिल १९९० मध्ये हिच्याच पोटातून वर गेली, आता मागे वळून त्या बंद पाठीकडे बघा, तिथे होती ती.

पुढे डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला थांबा. राखाडी कार्बनचे पट्टे ओळीने लावलेले आहेत, एका पंखाला २२. कोलंबिया या दुसऱ्या शटलच्या नेमक्या याच बाजूला, आठव्या पट्ट्याच्या जागी, उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधनाच्या टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा आदळला होता, वजन किलोभर सुद्धा नाही. भोक पडलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना गरम हवा तिथून पंखाच्या आत शिरली. कल्पना चावलांसह सात जण गेले. वास्कोहून जो प्रश्न घेऊन आलात, उष्णता कुठून आली आणि तिला कुठे अडवलं, त्याचं सगळ्यात वाईट उत्तर इथे आहे. मुलांना हे सांगायला घाबरू नका, शांतपणे सांगा, ती समजून घेतात. आणि हे पण सांगा की चॅलेंजर ही शटल अपघातात नष्ट झाल्यावर १९८८ मध्ये आणि कोलंबिया नष्ट झाल्यावर २००५ मध्ये, दोन्ही वेळा परत पहिलं उड्डाण कोणी केलं, तर डिस्कव्हरीने.

वाकता येत असेल तर वाकून पोटाखाली बघा, काळ्या टाइल्सचं अंगण तिथेच आहे, चाकांच्या दरवाजांवर सुद्धा टाइल्स.

खरं काय आणि नकली काय

मागे गेलात की तीन प्रचंड नॉझल दिसतात आणि सगळे तिथे फोटो काढतात. इथे एक गोष्ट माहीत असू द्या, आतली इंजिनं खरी नाहीत. नासाने शटलची उडालेली आरएस-२५ इंजिनं काढून ठेवली आणि म्युझियममधल्या यानांना उडवण्याच्या लायकीची न राहिलेली नॉझल लावून दिली. खरी इंजिनं चंद्राच्या कार्यक्रमासाठी ठेवलीत, नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ त्यातल्याच चार जुन्या इंजिनांवर उडालं, आणि ती चारही समुद्रात गेली, कारण त्या रॉकेटमध्ये इंजिन परत आणायची सोयच नाही. जी इंजिनं पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी बनवली, वर्षानुवर्षं जपली, ती एका उड्डाणात टाकून द्यायची हे मला पटत नाही, त्यापेक्षा इथे असती तर पोरांनी बघितली असती.

शेपटीच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग आणि नाकातला लहान इंजिनांचा भाग हे पण काढून न्यू मेक्सिकोत साफ करायला पाठवले होते, कारण त्यांच्यातलं इंधन अत्यंत विषारी, थोडंसं उरलं तरी धोका. हे झाल्याशिवाय शटल लोकांसमोर ठेवताच आली नसती. एप्रिल २०१२ मध्ये जंबोच्या पाठीवर बसून ती वॉशिंग्टनवरून फिरली आणि मग इथे आली.

मोठी तपकिरी टाकी शोधू नका, ती तिथे नाही. यान परत यायचं, दोन बूस्टर समुद्रातून उचलून आणायचे, टाकी मात्र दरवेळी नवी, जुनी वातावरणात नष्ट व्हायची. डिस्कव्हरीच्याच एका टाकीच्या फोमला १९९५ मध्ये सुतार पक्ष्यांनी चोची मारून शे-दोनशे भोकं पाडली होती आणि उड्डाण जुलैपर्यंत पुढे गेलं, ही गोष्ट लहान मुलांसाठी राखून ठेवा, कंटाळली की सांगायची.

नंतर जिन्याने किंवा लिफ्टने वरच्या गॅलरीत जा, पाठ तिथूनच दिसते. फोटो पण तिथूनच चांगला येतो, पूर्ण यान मावतं. ट्रायपॉड नेऊ नका, फ्लॅश बंद ठेवा, टाइल्सचा खरा रंग फ्लॅशमध्ये मरतो. आणि फक्त घरच्यांचे फोटो न काढता एक फोटो टाइलच्या नंबरचा, एक ओघळांचा, एक टाक्यांचा असा घ्या, परत आल्यावर शाळेत दाखवायला तेच उपयोगी पडतात. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना हे दाखवा हो, त्यांच्यातली सगळी काही अमेरिकेला जाणार नाहीत.

जायचं असेल तर फार लांबवू नका. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जो मोठा कायदा झाला त्यात एक अवकाशयान हलवण्यासाठी ८ कोटी ५० लाख डॉलर ठेवलेत, कायद्यात नाव लिहिलेलं नाही, पण टेक्सासच्या नेत्यांनी उघड सांगितलंय की त्यांना ह्यूस्टनला डिस्कव्हरी हवी. ह्यूस्टनचा शटलवर हक्क नाही असं मी म्हणत नाही, सगळी उड्डाणं तिथूनच सांभाळली गेली. पण न्यायची कशी? पाठीवर घेऊन उडणारी दोन्ही जंबो विमानं आता उडत नाहीत, एक तर ह्यूस्टनलाच प्रदर्शनात उभं आहे. स्मिथसोनियनने सांगितलंय की हलवायची तर काही भाग सुटे करावे लागू शकतात. टाइल्स, फेल्ट, गोंद, चादरी हे सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा, सुटं करून परत जोडलेलं यान तेच राहील का? माझं मत स्पष्ट आहे, जिथे आहे तिथे राहू दे. तुम्ही मात्र निघण्याआधी ती कुठे आहे ते एकदा बघून घ्या.

शटल झाल्यावर जेवा, थोडं बसा आणि मग काँकर्ड वगैरे. पण दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे वरून काचेतून दिसणारा दुरुस्तीचा हँगर, तिथे जुनी विमानं उघडून ठेवलेली असतात आणि कामगार एकेका भागावर काम करत असतात, वास्कोला पांढरी भुकटी बघून आलेल्या माणसाला तिथे काय चाललंय ते लगेच कळतं. दुसरी म्हणजे तिथले स्वयंसेवक मार्गदर्शक. पुष्कळदा निवृत्त माणसं असतात, प्रश्न विचारला की मनापासून सांगतात. इंग्रजीची भीती बाळगू नका, मोडकंतोडकं बोललं तरी चालतं, नाहीतर नातीला दुभाषी करा. फक्त, किती मोठी किती जड असं विचारू नका, ते फलकावर असतं. वही काढा आणि नेमकं बोट दाखवून विचारा: ही टाइल बाजूच्या टाइलपेक्षा काळी का, या फटीत काय भरलंय, ही चादर कधी बदलली, आणि पहिल्या उड्डाणापासून न बदललेली टाइल कुठे बघायला मिळेल.